अणूंचा पीळ: असेंद्रिय मळसूत्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. दर विज्ञान दिनाला आसपासच्या शाळांमध्ये बोलवणं येतं आणि मी अणूंच्या मळसूत्रांबद्दल बोलून येतो. परत आल्यावर मोबाईलवर प्रश्न सुरू होतात. काही पोरांचे, काही त्यांच्या वडिलांचे. तेच तेच प्रश्न दहादा टाईप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून हे पान. प्रश्न बहुतेक विचारले तसेच ठेवलेत.

सर, मळसूत्र म्हणजे नेमकं काय? जिलेबी म्हणजे मळसूत्र का?

नाही. जिलेबी ताटात सपाट बसते, प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा मोठा असतो. मळसूत्रात वेढे एकाच मापाचे असतात आणि प्रत्येक वेढ्यागणिक ते पुढे सरकतं. बोल्टवरचे आटे बघा, पेनातली स्प्रिंग बघा, कुंपणाच्या तारेवर चढलेला गुळवेल बघा.

असेंद्रिय म्हणजे रासायनिक खतातलं काही आहे काय जी?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण शेतातली भाषा आणि रसायनशास्त्राची भाषा इथे एकमेकींच्या उलट बोलतात. शेतात शेणखत सेंद्रिय आणि युरिया रासायनिक. रसायनशास्त्रात मात्र युरिया हे पक्कं सेंद्रिय संयुग आहे, कारण त्यात कार्बन आहे. १८२८ साली फ्रेडरिक व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया तयार केला, तेव्हा तर ‘सेंद्रिय पदार्थ फक्त सजीवच बनवतात’ या समजुतीला तडा गेला होता. या पानावर ‘असेंद्रिय’ म्हणजे कार्बनच्या साखळीवर न उभारलेलं: गंधक, फॉस्फरस, लिथियम, कथील, सिलिका असल्या मंडळींचं.

अणू पीळ काहून घेतात? त्यांना पिळतं कोण?

कोणीच नाही. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

पोळ्याच्या आधी आमच्या शेजारचे आजोबा अंगणात अंबाडीचे दोर वळायचे. आधी एकेका पदराला एका बाजूने पीळ द्यायचे, मग दोन्ही पदर एकत्र घेऊन उलट बाजूने पीळ. पदर आपला पीळ सोडायला बघतात, पण सोडताना ते एकमेकांवरच घट्ट होतात, म्हणून दोर उसवत नाही. म्हणजे दोरात ताण साठवलेला असतो. अणूंच्या मळसूत्रात तसं नाही. तिथे पीळ हीच निवांत बसायची जागा.

करून बघा. पऱ्हाटीच्या वीसेक सारख्या काड्या तोडा आणि भिजवलेल्या मातीच्या गोळ्यांनी एकीला एक जोडत जा. तीन गोष्टी प्रत्येक सांध्यावर सारख्या ठेवा: काडीची लांबी, सांध्यातला कोन, आणि नवी काडी मागच्या दोन काड्यांच्या हिशोबात किती वळवून लावली ते. पाच-सहा काड्यांनंतर हातात आपोआप मळसूत्र येतं. तुम्ही मळसूत्र करायला घेतलंच नव्हतं, फक्त प्रत्येक पाऊल आधीच्यासारखं टाकत होतात. भूमिती सांगते की एकच पाऊल पुन्हा पुन्हा टाकलं तर वाट मळसूत्राचीच होते. सरळ रेघ, सपाट नागमोडी रेघ आणि वर्तुळ हे त्याचेच खास प्रकार, वळण किंवा पुढे सरकणं नेमकं जुळलं तरच मिळणारे.

आता गंधक घ्या. गंधकाचा अणू दोन हात पुढे करतो, दोन शेजारी धरतो. सांध्यातला कोन शंभर अंशांच्या थोडा पुढे-मागे, आणि वळणसुद्धा साधारण तेवढंच. हे वळण एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे असं आळीपाळीने घेतलं तर आठ अणूंत कडं पूर्ण होतं. तुम्ही पिकावर मारता त्या पिवळ्या गंधकात हीच आठ अणूंची मुकुटासारखी कडी असतात. पण दर वेळी वळण एकाच बाजूला घेतलं तर कडं जुळतच नाही, साखळी पुढे पुढे जाते आणि मळसूत्र तयार होतं. तंतुमय गंधकात अशा साखळ्या आहेत, दहा अणूंत तीन वेढे. गंधकाची धाकटी भावंडं सेलेनियम आणि टेल्युरियम यांच्या स्फटिकात तर तीनच अणूंत एक वेढा पुरा होतो.

मग यात विलक्षण काय? सगळीकडे मळसूत्रच आहे म्हणता.

बरोबर पकडलंत. मळसूत्र मिळणं विलक्षण नाही. कोणत्या अणूंचं, किती अणूंत एक वेढा, एकेरी की दुहेरी, हे तो पदार्थ कोणी पाहिलेला नसताना कागदावर सांगता येणं विलक्षण आहे. १९८८ साली ‘नेचर’ या नियतकालिकाचे संपादक जॉन मॅडॉक्स यांनी लिहिलं होतं की, साध्या स्फटिकाचंही नुसतं रासायनिक सूत्र दिलं तर त्याची रचना सांगता येत नाही, आणि ही भौतिक शास्त्रांची नामुष्की आहे. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत चित्र बरंच पालटलं.

लिथियम आणि फॉस्फरसच्या दुहेरी मळसूत्राचं काय प्रकरण आहे?

२०१२ साली अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठाचे अलेक्झांडर बोल्डिरेव्ह, त्यांचे विद्यार्थी इव्हानोव्ह, आणि ब्रिटनमधले ख्रिस पिकार्ड व अँड्र्यू मॉरिस आदींनी गणिताने दाखवलं की लिथियम आणि फॉस्फरसचे सारख्या संख्येचे अणू घेतले तर त्यांचे छोटे पुंजके दुहेरी मळसूत्रासारखे बसू शकतात. एका पदरात फॉस्फरस, दुसऱ्यात लिथियम. फक्त दोन मूलद्रव्यं! डीएनएला कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, फॉस्फरस अशी पाच लागतात.

यामागचा तर्क मात्र जुना आहे, जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड झिंटल यांच्या नावाने ओळखला जातो. फॉस्फरसच्या बाहेरच्या कवचात पाच इलेक्ट्रॉन. लिथियम आपल्याकडचा एक देऊन टाकतो, तो देण्याबाबत फार उदार आहे. पाच अधिक एक सहा. सहा कोणाकडे असतात? गंधकाकडे. म्हणजे लिथियमच्या संगतीत फॉस्फरस गंधकासारखा वागू लागतो, दोनच हात पुढे करतो, साखळी धरतो, आणि साखळीचं पुढे काय होतं ते वर काड्यांनी करून झालं आहे. लिथियम-फॉस्फरसच्या मोठ्या स्फटिकात फॉस्फरसच्या अशा साखळ्या आहेत हे आधीपासून माहीत होतं. नवीन होतं ते हे की, स्फटिकाच्या गर्दीचा आधार नसतानाही, एकट्या छोट्या पुंजक्यात हा पीळ टिकतो असं गणित म्हणालं.

म्हणजे डीएनएसारखंच ना?

दिसायला. डीएनएच्या दोन्ही पट्ट्या एकाच प्रकारच्या असतात आणि मधल्या पायऱ्या हायड्रोजन बंधांनी जोडलेल्या. इथे फॉस्फरसचे अणू एकमेकांना घट्ट धरून आहेत, पण लिथियमचे अणू एकमेकांचे हात धरत नाहीत. धन प्रभार असलेले ते, ऋण फॉस्फरसच्या खाचांमध्ये ओळीने बसलेत आणि ती ओळ पाहणाऱ्याला मळसूत्र दिसते. पायवाटेला वळण असेल तर तिच्या कडेच्या बाभळीही वळणातच दिसणार. त्यामुळे ‘दुहेरी’ हा शब्द मला थोडा दिमाखाचा वाटतो. चूक नाही, पण दोन्ही पदर सारख्या तोलाचे समजू नका.

हे कोणी पाहून झालं काय, का नुसतं कागदावर?

दुहेरी असेंद्रिय मळसूत्र प्रत्यक्ष मिळालं आहे, पण दुसऱ्या पदार्थात. २०१६ साली म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात टॉम निल्गेस यांच्या गटाने कथील, आयोडीन आणि फॉस्फरस यांचं संयुग जाहीर केलं. आत फॉस्फरसचं मळसूत्र, त्याच्याभोवती कथील-आयोडीनचं. इथे मात्र दोन्ही पदर खरेखुरे बांधलेले आहेत. सुईसारखे स्फटिक, सेंटिमीटरच्या लांबीपर्यंत वाढणारे, अर्धवाहक, आणि वाकवले तर न मोडता वाकतात. असेंद्रिय स्फटिक म्हटलं की मिठाच्या खड्यासारखा टचकन फुटणारा पदार्थ डोळ्यांपुढे येतो. ही सुई तशी नाही. गंमत बघा, हा पदार्थ आधी भट्टीतून आला, त्याचं बरंचसं गणित नंतर झालं. भाकीत नेहमी पुढे चालतंच असं नाही.

आधी भाकीत आणि मग दर्शन, असंही घडलं आहे. १९९८ साली इटलीत गुल्सेरेन, एर्कोलेसी आणि तोसात्ती यांनी शिसं आणि ॲल्युमिनियमच्या अतिबारीक तारांचं गणित करून सांगितलं की तार पुरेशी बारीक झाली की आतली नेहमीची स्फटिकी मांडणी सुटते आणि मळसूत्री मांडणीही येऊ शकते. दोनच वर्षांनी जपानच्या कोंडो आणि ताकायानागी यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सोन्याच्या तारा दिसल्या, थरावर थर मळसूत्री. धातू वेगळा, पण पीळ होता.

कॉम्प्युटरला कसं कळतं अणू कुठे बसतील?

कळत नाही, शोधावं लागतं.

पाच लिथियम, पाच फॉस्फरस, एकूण दहा अणू. प्रत्येकाला तीन दिशा, म्हणजे तीस आकडे. पुंजका अख्खाच सरकवला किंवा फिरवला तर काही बदलत नाही, त्याचे सहा वजा. उरले चोवीस. प्रत्येक आकड्याला फक्त दहा जागा तपासायच्या म्हटल्या तरी एकावर चोवीस शून्यं एवढ्या मांडण्या होतात. एकेक तपासत बसलात तर तुमचाच नाही, सूर्याचाही जन्म पुरायचा नाही.

म्हणून युक्ती. मृगाचा पहिला जोरदार पाऊस शेतात कसा वागतो आठवा. थेंब कुठेही पडो, पाणी उताराने जातं आणि खोलगट जागी साचतं. तुम्हाला शेताचा नकाशा लागत नाही, साचलेलं पाणी बघून सगळ्यात खोल जागा कळते. इथे ‘खोली’ म्हणजे ऊर्जा. पिकार्ड आणि रिचर्ड नीड्स यांनी २००६ पासून रुळवलेली पद्धत जवळपास हीच: अणू अक्षरशः कसेही उधळायचे, मग प्रत्येक अणूवर कोणत्या दिशेने किती बल लागतंय हे पुंजभौतिकीच्या (क्वांटम) गणिताने काढायचं आणि अणूंना त्या उताराने घरंगळू द्यायचं. थांबले की ऊर्जा लिहून ठेवायची. पुन्हा उधळायचं. हजारो वेळा. बोल्डिरेव्ह यांच्या गटाची पद्धत थोडी वेगळी, पण सुरुवात त्यांचीही उधळण्यानेच होते. काही जण उत्क्रांतीची नक्कल करतात, चांगल्या रचनांचा संकर करून पुढची पिढी काढतात. संकरित बियाण्याच्या गावात हे समजावून सांगावं लागत नाही.

बल काढायचं गणित ज्या पायावर उभं आहे तो घनता फलन सिद्धांत (इलेक्ट्रॉन कुठे किती दाट आहेत यावरून ऊर्जा काढायची रीत) १९६४-६५ सालचा, आणि त्यासाठी वॉल्टर कोन यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

गणित चुकतं का?

चुकतं, आणि करणारा तर त्याहून चुकतो. माझंच सांगतो.

पहिल्यांदा मी लिथियम-फॉस्फरस करून पाहायला घेतलं तेव्हा आळस केला. उधळण्याऐवजी फॉस्फरसचे सहा अणू एका सरळ रेषेत मांडले आणि लिथियम त्यांच्या बाजूने नीटनेटके. मार्च महिना, पेपर तपासायचे पडलेले, रात्री अकराला गणित लावून झोपलो. सकाळी पाहतो तर गणित पूर्ण, अणू तसेच सरळ रेषेत. मी खूश. आपण नवीनच काहीतरी शोधलं असं वाटून चहा दोनदा घेतला.

मग कंपनांचा तक्ता काढला. त्यात ओळीने काल्पनिक वारंवारता. म्हणजे रचना खळग्यात नव्हतीच, बांधाच्या माथ्यावर तोल सांभाळून उभी होती. रेषा अगदी सरळ असल्यामुळे कोणत्याही अणूला डावीकडे जाऊ की उजवीकडे हे ठरवायला कारणच मिळत नव्हतं. दोन्हीकडची ओढ सारखी, बेरीज शून्य, आणि प्रोग्रॅमला शून्य दिसलं की तो म्हणतो झालं काम. मी एक अणू हाताने किंचित हलवला आणि पुन्हा लावलं. साखळी सळसळत वळली. छापील चित्रासारखं देखणं मळसूत्र काही झालं नाही, एका टोकाला दोन वेढे आणि दुसऱ्या टोकाला नुसता गोळा. उधळायचं का असतं ते त्या दिवशी कळलं.

खरी अडचण मात्र वेगळी आहे. मळसूत्र आणि गोळा यांच्या ऊर्जेतला फरक कित्येकदा मोलमागे काही किलोज्यूलच असतो. गणिताची एक रीत मळसूत्राला पहिला नंबर देते, दुसरी गोळ्याला. त्यात खोलीच्या तापमानाची उष्णताच अडीच किलोज्यूल. म्हणून चांगले लोक एका रीतीवर भरवसा ठेवत नाहीत, वरच्या पाच-दहा रचना अधिक कडक पद्धतीने पुन्हा तोलतात. तसं केलेलं नसेल तर भाकीत कितीही सुंदर चित्रासह छापलेलं असो, मी हात राखून वाचतो.

डावं मळसूत्र चांगलं की उजवं?

ऊर्जेच्या दृष्टीने दोन्ही सारखीच, कारण एक दुसऱ्याचं आरशातलं रूप आहे. कथील-आयोडीन-फॉस्फरसच्या एकाच स्फटिकात दोन्ही असतात.

ओळखायचं कसं, हे सायकलवाल्याकडे शिका. उजवं पायडल नेहमीच्या आट्यांचं, डावं उलट्या आट्यांचं, नाहीतर चालवता चालवता ते सुटून येईल. ते डावं पायडल काढून उलटं-सुलटं कसंही धरा, आटे डावेच राहतात. फक्त आरशात पाहिलं तर उजवे होतात.

आमच्या वावरात असं काही सापडते काय?

सापडतं. गारगोटी उचला.

ती सिलिकाची, क्वार्ट्झची. एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असे चतुष्फलक कोपऱ्याला कोपरा जोडून तिच्यात मळसूत्राने चढत जातात, आणि त्यामुळे क्वार्ट्झचा स्फटिक डावा किंवा उजवा असतो. १८११ साली फ्रान्समध्ये आरागो यांना क्वार्ट्झमधून जाताना प्रकाशाच्या कंपनाची दिशा फिरते असं दिसलं, त्याच्या मुळाशी हा पीळ. भिंतीवरच्या घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्याला विजेने थरथरवता येतं, कारण त्याच्या मांडणीत मध्यबिंदूभोवतीची सममिती नाही. बुलढाणा-अमरावतीकडच्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत छान टोकदार स्फटिक मिळतात. वावरातली पांढरी गारगोटी म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांची गर्दी, तिच्यात डावे-उजवे मिसळलेले.

दुसरं उदाहरण हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक. त्याच्याही साखळ्या मळसूत्री. पण तो पाऱ्याचा आहे, हाताळायला मागू नका.

लिथियम-फॉस्फरस आपल्या लॅबमध्ये करून पाहू का?

नाही. साठवणीच्या धान्यात ठेवायची गोळी घरात असेल तर तिच्या डबीवरच्या सूचना वाचा. ती ॲल्युमिनियम फॉस्फाइडची असते, हवेतल्या ओलीने तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो, आणि तो जीव घेतो. लिथियम-फॉस्फरसची संयुगंही पाणी लागलं की त्याच जातीचे वायू सोडतात. पावसाळ्यात आपल्या लॅबच्या भिंतीला बुरशी येते. असले पदार्थ ऑक्सिजन आणि ओल पूर्ण काढलेल्या बंद पेटीत करायचे असतात.

उपयोग काय? बॅटरीचं काहीतरी म्हणत होते.

फॉस्फरस ग्रॅममागे सिद्धांतानुसार २,५९६ मिलिॲम्पिअर-तास विद्युतभार साठवू शकतो, आजच्या बॅटरीतलं ग्राफाइट ३७२. म्हणजे जवळपास सातपट. तो लिथियम पितो तेव्हा वाटेत कोणकोणत्या रचना होतात हे जाणून घ्यायला ही गणितं लागतात, आणि मळसूत्री साखळ्या त्या वाटेवरचा एक टप्पा आहेत. अडचण अशी की पिऊन तो कित्येक पट फुगतो आणि भेगाळतो. त्यामुळे फवारणी पंपासाठी आत्ताच काही वाट बघू नका.

मला हे गणित शिकायचं आहे. लॅपटॉप साधाच आहे.

पुरतो. दहा-पंधरा अणूंच्या पुंजक्यासाठी फुकट मिळणारे प्रोग्रॅम आहेत: ‘एक्सटीबी’ने अंदाज घ्या, मग ‘ऑर्का’ किंवा ‘क्वांटम एस्प्रेसो’ने पक्कं करा. मळसूत्रापासून सुरुवात करू नका. आधी पाण्याचा एक रेणू करा, त्याचा कोन १०४.५ अंशांच्या जवळ येतो का पाहा.

आणि लाईन जाते हे गृहीत धरा. माझ्या एका विद्यार्थिनीचं तीन दिवसांचं गणित शेवटच्या टप्प्यात लाईन गेल्याने वाहून गेलं, कारण लॅपटॉपची बॅटरी नावालाच होती आणि मधल्या पायऱ्या कुठे जपून ठेवल्या नव्हत्या. जिथे थांबलं तिथून पुढे सुरू करता येईल अशी फाईल दर थोड्या वेळाने लिहायला प्रोग्रॅमला सांगा.

तुम्ही लग्नपत्रिकांचं जे दाखवलं होतं ते कसं करायचं?

जुन्या पत्रिका जाड आणि गुळगुळीत असतात, फुकट असतात. पाच सेंटिमीटर बाजूचे चार समभुज त्रिकोण एका पट्टीत आखा, घड्या घाला, चतुष्फलक तयार. असे तीस करा.

आता पृष्ठाला पृष्ठ चिकटवत चला. दुसरा कुठेही लावा, तिसराही कुठेही, काही फरक पडत नाही. चौथा तिसऱ्यावर लावायचा, त्याला मात्र तीन पर्याय आहेत आणि सगळा खेळ तिथेच ठरतो. एका पृष्ठावर लावला तर तो पहिल्या तिघांच्याच कडेभोवती फिरतो, पाचवा लावल्यावर चाक जवळजवळ पूर्ण होतं आणि सात अंशांची फट उरते. ती फट तुमची चूक नाही, भूमितीची आहे. उरलेल्या दोन पृष्ठांपैकी एकाने डावं मळसूत्र सुरू होतं, दुसऱ्याने उजवं. तोच नियम पुढे चालवलात तर तीस चतुष्फलकांचा साधारण अर्धा मीटर लांब दांडा होतो, त्याच्या अंगावरून तीन कडा पिळत जातात.

प्रत्येक चतुष्फलक आधीच्यापेक्षा सुमारे १३१.८ अंशांनी फिरलेला असतो. हा आकडा कधीच नेमका जुळून येत नाही. अकरा पावलांनी पहिल्या दिशेच्या जवळ येतो आणि दहा अंशांनी हुकतो. म्हणून हा दांडा कितीही लांब केला तरी त्याची नक्षी स्वतःशी तंतोतंत जुळत नाही. स्फटिकाला ठराविक अंतराने तीच नक्षी पुन्हा हवी असते, त्यामुळे असा पीळ जसाच्या तसा स्फटिकात बसवायचा तर त्याला थोडं ओढावं-ताणावं लागतं. एकट्या बारीक तारेला ती सक्ती नाही.

डिंक कोणता वापरायचा?

बाभळीचा चालतो, रात्रभर भिजवून गाळून घ्या. फक्त चौथा चिकटवायच्या आधी तो नुसता धरून बघा, कारण वाळल्यावर सोडवताना पत्रिका फाटते.